एका तारेंतील अनेक जाळीं

१८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, तेव्हां करवीरच्या अनेक व्यापाऱ्यांचा माल एकाच रुळांवरून जाऊं लागला. प्रत्येक पेढीसाठीं निराळे रूळ कोणी घातले नाहींत. मालावरील खूण पुरे. संगणकांच्या जाळ्यांस ही साधी युक्ति मिळण्यास मात्र बराच अवधि लागला.

१९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं झेरॉक्सच्या प्रयोगशाळेंत इथरनेटची कल्पना मांडली. तींत एकानें मारलेली हांक तारेवरील सर्वांच्या कानीं पडे. यंत्रें वाढलीं तसा गलबला वाढला; शिवाय महाविद्यालयासारख्या ठिकाणीं कचेरी व वर्ग एकाच जाळ्यांत येऊं लागले. प्रत्येकास वेगळी तार घालणें खर्चाचें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेलकोर संस्थेचे डेव्हिड सिंकोस्की यांनीं तार एकच ठेवून जाळीं निराळीं करण्याचा मार्ग शोधला, हींच व्हीलॅन. १९९८ सालीं ८०२.१क्यू हा नियम प्रसिद्ध झाला : संदेशाच्या प्रत्येक तुकड्यांत ४ बाइटांची चिठ्ठी, तींत १२ बिटांचा जाळेक्रमांक. दोन क्रमांक राखीव असल्यानें जाळीं ४०९४.

खरी मौज तारा जोडणाऱ्या स्विचमध्यें आहे. संगणकाकडील पोर्टावर तो चिठ्ठी काढून घेतो. संगणक बिचारा तिच्याविषयीं अनभिज्ञच. दोन स्विचांमधील पोर्टावर ती कायम राहते. मात्र बिनचिठ्ठीचा तुकडा कोणत्या जाळ्याचा, हें दोन्ही टोकांस सारखेंच सांगावें लागतें. एकानें तो कचेरीचा मानला व दुसऱ्यानें वर्गाचा, तर कोठेंही तार न तुटतां कचेरीचा मजकूर वर्गाच्या जाळ्यांत शिरतो.