रेसमोची वंशावळ

मुर्ध्याहून भाईंदर स्टेशनकडे येताना टाटांच्या ज्या पेट्रोल-डिझेल गाड्या दिसतात, त्यांचं इंजिन बहुतेक करून पुढे, बॉनेटखाली असतं. याच कंपनीने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये दोन आसनांची, मधल्या इंजिनाची गाडी मांडली होती: टॅमो रेसमो. तिचं आरेखन कंपनीच्या इटलीतल्या तुरिन शहरातल्या स्टुडिओत झालं. तिचं घराणं शोधायचं तर अर्धशतक मागे जावं लागतं.

इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे बसवलं, की गाडीचं वजन मध्यावर एकवटतं आणि वळणावर ती पटकन दिशा बदलते. त्याची किंमतही आहे. मागचं आसन जातं, डिकी आक्रसते, इंजिनाची धग आणि आवाज पाठीशी येतो. शर्यतीत हे परवडतं. म्हणून १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबहॅम कूपरची अशीच गाडी चालवून जगज्जेता झाला आणि फेरारीलाही पुढचं इंजिन सोडून मागे यावं लागलं.

शर्यतीतली ही रचना रस्त्यावर आणायची जिद्द लॅम्बोर्गिनीच्या तरुण अभियंत्यांनी धरली. जानपाओलो डल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि चाचणी-चालक बॉब वॉलेस यांनी बारा सिलिंडरचं इंजिन आडवं ठेवलं. जागा वाचावी म्हणून गिअरबॉक्स इंजिनाच्याच ओतीव धडात सामावला. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात त्यांनी फक्त उघडी चासी मांडली, वर बॉडी नव्हतीच. बॉडीचं काम बेर्तोनेकडे गेलं आणि तिथल्या सत्तावीस वर्षांच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी ती आकाराला आणली. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात ती ‘मिउरा’ म्हणून उभी राहिली. इंजिन ३९२९ सीसीचं, ताकद सुमारे ३५० अश्वशक्ती. त्या १९६६ सालीच पुण्यात टाटांचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू झालं.

पुणे आणि तुरिन यांची गाठ पुढे पडली. १९९८ च्या इंडिकाचं रूप तुरिनच्या आय.डी.ई.ए. संस्थेच्या मदतीने घडलं. २००८ मध्ये दाखवलेल्या नॅनोत टाटांनी इंजिन मागे नेलं, तेही कमी खर्चासाठी आणि आत जागा मिळावी म्हणून. २०१० मध्ये कंपनीने तुरिनच्या ट्रिलिक्स या डिझाइन संस्थेतला ८० टक्के हिस्सा घेतला.

या ओळखीतून रेसमो आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० अश्वशक्ती, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. तिच्या सांगाड्याचं ‘मोफ्लेक्स’ तंत्र गांदिनींकडून परवान्याने घेतलेलं होतं. मिउराला रूप देणारा माणूस पन्नास वर्षांनी टाटांच्या गाडीच्या सांगाड्यात होता. आपल्याकडे असा प्रयत्न पहिलाच नव्हता: मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये मधल्या इंजिनाची अवंती दिल्लीत दाखवली होती आणि ती पुढे विक्रीलाही आली. रेसमो मात्र आली नाही. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत तिचं विजेवरचं रूप दिसलं आणि प्रकल्प थांबला.

मिउराची उघडी चासी पाहूनच गिऱ्हाइकं पुढे आली आणि चार महिन्यांत ती गाडी झाली. रेसमोचं आरेखन तयार होतं, तंत्र होतं, इंजिन होतं. नव्हता तो लहान संख्येने महागडी गाडी काढून तोटा सोसण्याचा धीर. गांदिनी १३ मार्च २०२४ रोजी गेले. त्यांच्या तंत्राची जी गाडी टाटांनी बांधली, ती पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जवळून पाहता, तपासता यावी. तेवढं कंपनीने जरूर करावं.