संगणकाच्या कामाची मजुरी कोणी ठरवली?



१९८१ साली महाराष्ट्रात दोन गोष्टी घडल्या. नांदेडला श्री गुरुगोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि जुलैमध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस नावाची कंपनी नोंदवली. या दोहोंचा काही संबंध असेल, असे त्या वर्षी कोणाला वाटले नसते. आज हिमायतनगरहून, म्हणजे जुन्या वाढोण्याहून, मुदखेड-नांदेड करत पुणे गाठणाऱ्या अभियंत्याचा पगार मात्र याच दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी ठरतो. तो कसा, हे समजण्यासाठी आणखी दहा वर्षे मागे जाऊ.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतील केंब्रिज येथे नरेंद्र आणि पूनम पाटणी या दांपत्याने राहत्या घरात एक प्रयोग केला. एका खोलीला ‘अमेरिका’ म्हणायचे, दुसरीला ‘भारत’. परस्परांशी बोलायचे नाही. काम समजावून द्यायचे ते केवळ कागदावर लिहून. लेखी सूचनांवर काम बिनचूक होते, अशी खात्री पटल्यावर ते पुण्यात आले. येथे फ्लेक्सोरायटर यंत्रांवर बसलेली माणसे अमेरिकी कायद्याचे मजकूर कागदी फितीवर टंकू लागली. फिती विमानाने अमेरिकेला परत जात. टंकणाऱ्याला तो कायदा कळण्याची गरज नव्हती. विकला जात होता तो त्याचा वेळ. आणि नफा होता तो पुण्याच्या व अमेरिकेच्या मजुरीतील अंतराचा. इन्फोसिसचे संस्थापक पुढे याच पाटणींच्या कंपनीतून बाहेर पडले. त्यामुळे या धंद्याचा आरंभ मी तरी इन्फोसिसपासून मानत नाही; त्या दोन खोल्यांपासून मानतो.

हे अंतर केवळ बाजाराने निर्माण केले, असे म्हणणे अपुरे आहे. सत्तरच्या दशकात सरकारला परकीय चलनाची विलक्षण टंचाई होती. संगणक आयात करायचा, तर काही वर्षांत त्याच्या किमतीच्या दुप्पट सॉफ्टवेअर निर्यात करण्याची हमी द्यावी लागे. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले. १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकिरचंद कोहलींच्या नेतृत्वाखाली १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीचे काम मिळवले. येथील यंत्राचे मोल डॉलरमध्ये फेडायचे, आणि फेडणार कोण? रुपयांत पगार घेणारा प्रोग्रामर.

पण काम येथे आणण्याइतकी यंत्रे आणि दूरसंचाराच्या तारा नव्हत्या. म्हणून माणसेच पाठवली गेली. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकीही बहुतेक जण आरंभी ग्राहकाच्या कामासाठी अमेरिकेतच होते. इंग्रजीत या पद्धतीला ‘बॉडी शॉपिंग’ असे काहीसे निर्दय नाव पडले. मराठवाड्यातील वाचकाला ती समजावून सांगावी लागू नये. मुकादम टोळी जमवतो, उचल देतो, कारखान्याशी हिशेब तोच करतो. येथे उचलीच्या जागी बॉन्ड आणि व्हिसा. (कोयता घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचे हाल आणि पंख्याखाली बसलेल्या अभियंत्याची अडचण एका तराजूत मी तोलत नाही. साम्य आहे ते मध्यस्थाच्या पकडीचे.)

ही पकड पुढे न्यायालयातही तपासली गेली. अमेरिकेत काम करणाऱ्या टीसीएसच्या कर्मचाऱ्यांनी २००६ मध्ये दावा दाखल केला. आपला करपरतावा कंपनीकडे वळवावा लागतो, ही त्यातील एक तक्रार होती. २०१३ मध्ये सुमारे तीन कोटी डॉलरच्या तडजोडीने तो मिटला.

अमेरिकेचा कायदाही येथे तटस्थ नव्हता. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला. १९९८ मध्ये असे ठरले की, या व्हिसावर फार अवलंबून असलेल्या कंपनीने त्या कामगाराला वर्षाला ६०,००० डॉलर दिले, तर काही जादा अटींतून तिला सूट मिळेल. तो आकडा त्यानंतर बदललेलाच नाही. कागदावर ती सवलतीची मर्यादा होती. व्यवहारात अनेकांसाठी तोच पगाराचा भाव ठरला.

दरम्यान तारा आल्या. १९८५ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूहून उपग्रहाद्वारे काम सुरू केले. नव्वदच्या आरंभी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या पहिल्या केंद्रांत पुणे होते. जुलै १९९१ च्या अवमूल्यनाने भारतीय श्रम डॉलरमध्ये एका फटक्यात स्वस्त झाला. शतकाच्या अखेरीस ‘वायटूके’ने जुन्या कोबोल प्रोग्रॅममधील दोन अंकी वर्षे दुरुस्त करणारे हजारो हात मागितले. हे हात तयार होते, कारण १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली होती. शेत विकून किंवा गहाण ठेवून फी भरलेल्या घरांचे ऋण या इतिहासात क्वचितच मोजले जाते. प्रशिक्षणाचा खर्च ग्राहकाने केला नाही, कंपनीने थोडा केला. उरलेला बापाने केला.

आता एक साधा हिशेब. मोठ्या कंपन्यांत नवख्या अभियंत्याचा वार्षिक पगार गेली दहा-बारा वर्षे तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. २०१४ मध्ये डॉलर ६० रुपयांच्या घरात होता, तेव्हा साडेतीन लाख म्हणजे सुमारे ५,८०० डॉलर. २०२४ च्या अखेरीस डॉलरने ८५ ओलांडले. तेच साडेतीन लाख तेव्हा सुमारे ४,१०० डॉलर. महागाई यात धरलेलीच नाही. कंपनीची कमाई डॉलरमध्ये, मुलाचे पुण्यातले खोलीभाडे रुपयांत.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. माणूस पाठवणे एवढे महागले, की काम इकडे पाठवण्याचा मोह वाढतो. मात्र ते कोणत्या भावाने येईल, हे शुल्कात लिहिलेले नाही.

नांदेड-लातूरकडून ऐंशी-नव्वदच्या दशकांत या वाटेने गेलेले कोणी तुमच्या घरात असेल, तर त्यांचे नेमणूकपत्र, बॉन्ड आणि पहिले पगारपत्रक रद्दीत घालू नका. कंपन्यांचे इतिहास संस्थापकांनी लिहून ठेवले आहेत. पगारपत्रके तुमच्याच ट्रंकेत आहेत.