सात मीटरची काठी आणि पाच मिलिअँपिअर

अमेरिकेच्या संघराज्यीय नियमसंग्रहाच्या सोळाव्या विभागात १२०४ क्रमांकाचा एक भाग आहे. सिटिझन्स बँड रेडिओच्या तळकेंद्रावर उभारल्या जाणाऱ्या सर्वदिशीय अँटेनांचे सुरक्षा मानक असा त्याचा विषय. २४ मे १९८३ नंतर तयार किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक अशा अँटेनेला तो लागू झाला. त्यातली मध्यवर्ती अट अशी : अँटेना १४,५०० व्होल्ट दाबाच्या वीजतारेला टेकली, तरी पाच मिनिटांपर्यंत ५ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह तिच्यातून खालच्या खांबाकडे जाता कामा नये. संदेश किती दूर पोहोचेल, आवाज किती स्पष्ट येईल, याविषयी या मानकात काहीच नाही. पंधरावीस वर्षे ग्राहक दुकानदाराला विचारत होता, ‘यांतली कोणती अधिक लांब जाते?’ सरकारला मात्र वेगळाच प्रश्न विचारावा लागला : यांतली कोणती माणसाच्या जिवावर उठत नाही? हे दोन प्रश्न एकमेकांपासून इतके दूर कसे गेले, याचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुळातून समजून घ्यावा असा आहे.

सिटिझन्स बँड, म्हणजे परीक्षा न देता सामान्य नागरिकाला बोलता येईल असा बिनतारी पट्टा. अमेरिकेत १९५८ मध्ये तो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आणला गेला, तेव्हा त्यात २३ वाहिन्या होत्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. इंधन कुठे मिळते आणि पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना कळवण्यासाठी मालमोटारींचे चालक या पट्ट्यावर बोलू लागले, आणि पाहता पाहता घराघरांत हे यंत्र आले. १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्या ४० झाल्या. वाहक लहरीची शक्ती मात्र ४ वॅटच राहिली. शक्ती वाढवण्याची मुभा नसल्यावर हौशी माणसाच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे छपरावरची अँटेना.

ही अँटेना सर्वदिशीय का हवी, हे आपल्याकडच्या एका उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकी येथील प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथील ग्रहण केंद्र यांच्या साह्याने भारत-इंग्लंड बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिच्या तारांचे भव्य पडदे मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन यांच्या रचनेनुसार उभारलेले होते. इंग्लंड कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक होते, म्हणून सारी शक्ती तिकडे वळवणे शहाणपणाचे ठरले. घरी बसून महामार्गावरच्या अनोळखी चालकाशी बोलणाऱ्याला मात्र तो उत्तरेकडून येतो आहे की दक्षिणेकडून, याचा पत्ता नसतो. त्याला क्षितिजाच्या सर्व दिशा सारख्याच हव्या असतात. त्यासाठी उभ्या दांड्याहून सोपी रचना नाही.

आता शास्त्र. २७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ११ मीटर येते. पाव तरंगाचा दांडा २.७५ मीटर, अर्ध्या तरंगाचा ५.५ मीटर आणि पाच-अष्टमांश तरंगाचा ६.९ मीटर. बाजारातली बहुतेक तुलना या तिघांभोवतीच फिरत होती, आणि गंमत अशी की तिघांचीही कुळे सिटिझन्स बँडहून कितीतरी जुनी आहेत.

पाव तरंगाच्या दांड्याखाली चार आडव्या काड्या असलेली ‘ग्राउंड प्लेन’ अँटेना आरसीए कंपनीचे जॉर्ज ब्राउन यांनी १९३० च्या दशकात पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेसाठी सिद्ध केली. ब्राउन यांचा जमिनीचा अभ्यास पक्का होता. १९३७ मध्ये त्यांनी लुईस आणि एपस्टीन या सहकाऱ्यांसह दाखवून दिले होते की, प्रसारण मनोऱ्याखाली जमिनीत अरीय तारांचे दाट जाळे, सुमारे १२० तारांचे, पुरले तर शक्ती मातीत वाया जात नाही. खांबावर उचललेल्या अँटेनेला मात्र इतक्या तारांची गरज नव्हती. त्यांच्या मूळ रचनेत आडव्या काड्या दोनच होत्या आणि तेवढ्याही पुरत होत्या. परंतु दोन काड्यांची अँटेना चारही दिशांना सारखी प्रक्षेपित करते यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही, असे विक्री विभागाला वाटले. म्हणून त्या चार झाल्या. आजही ती चारच काड्यांची दिसते. अँटेनेच्या रूपावर विक्रेत्याची छाप इतक्या आधीपासून आहे.

अर्ध्या तरंगाच्या, टोकाकडून पोसलेल्या अँटेनेचे मूळ झेपेलिन हवाईजहाजात सापडते. हान्स बेगेरो यांचे पेटंट १९०९ चे. जहाजाच्या पोटाखाली लांब तार लोंबत असे आणि तिला पाव तरंगाच्या जोडतारेतून शक्ती पुरवली जाई. अर्ध्या तरंगाच्या टोकाशी दाब फार मोठा असतो, आणि हायड्रोजनच्या पिशव्यांशेजारी ठिणगी पडणे कोणालाच परवडणारे नव्हते. तीच रचना उलटी उभी केली की इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी अँटेना होते.

पाच-अष्टमांशाचे मूळ स्टुअर्ट बॅलंटाइन यांच्या १९२४ च्या निबंधात आहे. संपूर्ण वाहक जमिनीवर उभा दांडा किती उंच असावा, म्हणजे जमिनीलगतचे प्रक्षेपण सर्वाधिक होईल, हा त्यांचा प्रश्न. उत्तर आले तरंगलांबीच्या ०.६४ पट, म्हणजे पाच-अष्टमांशाच्या अगदी जवळ. कारण असे की दांड्याची जमिनीतली ‘प्रतिमा’ जणू दुसरा दांडा होऊन मदतीला येते, आणि दोघांच्या लहरी क्षितिजाकडे एकत्र जुळतात. अशा आदर्श जमिनीवर पाव तरंगाचा लाभ सुमारे ५.२ डेसिबेल, अर्ध्या तरंगाचा ६.८ आणि पाच-अष्टमांशाचा ८.२. पहिल्यापेक्षा तिसऱ्याचा लाभ ३ डेसिबेलने जास्त, म्हणजे क्षितिजाच्या दिशेने दुप्पट शक्ती. जाहिरातीला याहून काय हवे?

येथेच थोडे थांबायला हवे. ३ डेसिबेलचा हा फरक संपूर्ण वाहक आणि अमर्याद पसरलेल्या जमिनीवरचा आहे. छपरावरच्या खांबाला लावलेल्या चार काड्या म्हणजे ती जमीन नव्हे. प्रतिमा अपुरी पडते आणि फरक आक्रसतो. प्रत्यक्षात तो अनेकदा एका डेसिबेलच्या आसपासच उरतो. शिवाय पाच-अष्टमांशाच्या तळाशी विद्युतप्रवाहाची दिशा उलटी असते. त्यामुळे शक्तीचा एक भाग उंच कोनात आकाशाकडे निसटतो. मध्यम लहरींच्या प्रसारण अभियंत्यांना हे पूर्वीच उमगले होते. रात्री आकाशातून परतणारी लहर जमिनीलगतच्या लहरीत मिसळून आवाज बुडवते, म्हणून त्यांनी ०.६४ चा मोह सोडून ०.५३ तरंगाच्या आसपासचे मनोरे पसंत केले होते. प्रसारकांनी जाणूनबुजून नाकारलेला आकडा चाळीस वर्षांनी छपरांवर सर्वश्रेष्ठ म्हणून विकला गेला.

आकड्यांचा आणखी एक खेळ होता. डेसिबेल हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. काल्पनिक समदिश प्रारकाशी तुलना केली तर साध्या अर्धतरंग द्विध्रुवालाही २.१५ डेसिबेलचा लाभ मिळतो. एका उत्पादकाने द्विध्रुवाशी तुलना करावी, दुसऱ्याने समदिश प्रारकाशी करावी, आणि दोघांनीही वेष्टनावर नुसते ‘डेसिबेल’ छापावे. मग दोन अँटेना तंतोतंत सारख्या असूनही एक श्रेष्ठ ठरते. यात खोटे कोणीच बोललेले नसते.

आणि ज्या एका डेसिबेलसाठी हा खटाटोप, तो ऐकणाऱ्याला जाणवतो का? ग्रहण यंत्राच्या मापकावरची एक ‘एस’ पायरी ६ डेसिबेलची धरतात. म्हणजे काटा हलला तर हलला. उंचीचे गणित मात्र वेगळे आहे. अँटेना जमिनीपासून पुरेशी वर असेल, तर तिची उंची दुप्पट केल्यावर दूरच्या ठिकाणचे क्षेत्रबल ढोबळमानाने दुप्पट होते. ही वाढ ६ डेसिबेलची. बिनतारी क्षितिज ६ मीटर उंचीवरून सुमारे १० किलोमीटरवर असते, १८ मीटरवरून साडेसतरा किलोमीटरवर. हौशी लोकांना हे अनुभवाने कळले होते. पावच्या जागी पाच-अष्टमांश आला आणि त्याखालचा खांबही वाढत गेला. नियमांनी अखेर मर्यादा घातली : जमिनीपासून ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर, किंवा ज्या इमारतीवर अँटेना उभारली तिच्या माथ्यापासून २० फूट.

लांबी वाढली तसा धोका वाढला. तो धोका वापरात नव्हता, उभारणीत होता. अॅल्युमिनियमचा दहाबारा मीटरचा दांडा दोघेतिघे मिळून जमिनीवरून उचलतात. तो मध्यावर येईपर्यंत सगळ्यांचे डोळे तळाकडे असतात. टोक कुठे चालले आहे ते कोणी पाहत नाही. वाऱ्याचा एक झोत किंवा ताणाच्या तारेला बसलेला एक हिसका पुरतो, आणि टोक रस्त्याकडेच्या वितरण तारेवर जाऊन आदळते. दांडा धरलेले सगळेच एकदम सापडतात. शिडीवर चढून जुनी अँटेना उतरवतानाही हेच घडे. सत्तरच्या दशकात या पट्ट्याची लाट ऐन भरात असताना असे मृत्यू इतके होऊ लागले की, ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनला मध्ये पडावे लागले. आयोगाचा पहिला उपाय सौम्य होता : १९७८ पासून अशा अँटेनांवर आणि त्यांच्या खांबांवर धोक्याची सूचना आणि सोबत सुरक्षित उभारणीची माहिती देणे बंधनकारक झाले. नुसती सूचना पुरेशी ठरली नाही. मग १९८३ पासून लागू झालेला तो १२०४ क्रमांकाचा भाग आला, ज्याने वाचणाऱ्याच्या सावधपणावर विसंबण्याऐवजी दांड्यालाच विद्युतरोधक होण्याची सक्ती केली.

पाच मिलिअँपिअर हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला दिसतो. बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातातला विद्युतभारित वाहक माणूस स्वतःहून किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो, हे मोजले होते. ६० हर्ट्झला पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची १०.५ आली. त्यापलीकडे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. पाच या मर्यादेत जवळपास प्रत्येकाला हात सोडवता येतो. (आपल्या घरांतले गळतीरोधक स्विच बहुधा ३० मिलिअँपिअरचे असतात. ते हात सुटण्याची वाट पाहत नाहीत, क्षणार्धात पुरवठाच तोडतात. छपरावरच्या दांड्याला मात्र पुरवठा तोडण्याची सोय नसते, म्हणून त्याची कसोटी अधिक कडक.)

भारतात हा पट्टा खुला झाला तो २००५ मध्ये. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या मर्यादेत, ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. तोवर मोबाइल आलेला असल्याने अमेरिकेसारखी लाट आपल्याकडे उसळली नाही. पण लांब धातूचा दांडा घरच्या घरी उभारण्याचा अनुभव आपल्याला नवा नव्हता. १९८० च्या दशकात दूरदर्शनची लघुशक्ती केंद्रे देशभर पसरली, तेव्हा दूरच्या केंद्राचे चित्र ओढून आणण्यासाठी गावोगावी पाण्याच्या नळाचे पाइप एकात एक जोडून त्यावर यागी अँटेना चढवल्या गेल्या. ‘आले का चित्र?’ असे छपरावरून ओरडून विचारणाऱ्या पिढीला ते पाइप आठवत असतील. त्यांच्या शेजारून जाणारी ११ किलोव्होल्टची तार सहसा कोणाला आठवत नाही.

त्या तारेचा जमिनीच्या तुलनेत दाब ६,३५० व्होल्ट असतो. शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर प्रवाह ६ अँपिअरच्या वर जातो. मातीचा रोध त्यातला काही भाग कमी करील; पण पाच मिलिअँपिअरच्या हजारपटीहून मोठी ही संख्या आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनुसार ११ किलोव्होल्टची तार रस्ता ओलांडताना किमान ६.१ मीटर उंच असावी लागे, रस्त्याला समांतर जाताना ५.८ मीटर, आणि इतरत्र उघड्या तारेसाठी ४.६ मीटर पुरत. या ‘इतरत्र’मध्ये शेत आले, घरामागचे परसही आले. पाव तरंगाची सर्वांत आखूड अँटेना डोक्यावर दोन मीटर उंचीवर उभी धरली, तरी तिचे टोक पावणेपाच मीटरवर पोहोचते. पाच-अष्टमांशाचा दांडा सहा मीटरच्या पाइपावर बसवून उचलला, तर त्याचे टोक जवळजवळ तेरा मीटर त्रिज्येचा कंस काढते, आणि त्या कंसात येणारी प्रत्येक तार त्याच्या आवाक्यात असते.