धुऱ्यावरचा टू-इन-वन

शनिवार, ३१ ऑक्टोबर १९८७. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात आणि भातकुलीच्या शिवारात, धुऱ्यावरच्या बाभळीखाली, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसला आहात. दिवाळी नुकतीच सरली. सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी लागली. काळ्या रानात पऱ्हाटी पांढरी फुटली आहे आणि बाया कमरेला ओटी बांधून तासातासानं पुढे सरकत आहेत. खिशात फोन नाही. तो अजून कुणाच्याच खिशात नाही. मांडीवर आहे तो टू-इन-वन. वरच्या अंगाला रेडिओ, खालच्या अंगाला टेप.

जरा हाताळून बघा. मुठीत पकडता येईल असा दांडा, डाव्या बाजूला जाळीमागे स्पीकर, काचेमागे लाल काटा. आईनं जुन्या चादरीचं झाकण शिवलंय, बटणांपुरतं कापलेलं, कडेला टाके घातलेले. धूळ या गावात काही सोडत नाही. मागच्या हंगामात एकाधिकार खरेदीत कापूस घातला, चुकारा हातात पडायला महिने गेले, आणि त्यातून घरात आलेली शेतीची नसलेली वस्तू ही एकच. बाबा अमरावतीला राजकमल चौकात दुकानामागून दुकान हिंडले. बुश पाहिला, फिलिप्स पाहिला, आखाती देशातून कुणीतरी आणलेला नॅशनल पॅनासॉनिकही पाहिला आणि हात लावून परत ठेवला. विकत घेतला तो परवडला तो. पण घरी आणताना एसटीत मांडीवरून खाली ठेवला नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत रेडिओ ठेवायचा तर पोस्टात लायसन भरावं लागे. आता ते गेलं. खर्च उरला सेलचा. चार मोठे सेल लागतात आणि बाबांचा सगळा राग त्यांच्यावर असतो. "गाणे आयकते पोट्टे आन् सेल जळते माह्ये!" म्हणून उतरलेले सेल तुम्ही फेकत नाही. टिनावर उन्हात मांडता. ऊब लागली की आतल्या रसायनांना थोडी तरतरी येते आणि बातम्यांपुरता जीव परत मिळतो. आज मात्र सेल नवे आहेत, कारण आज नागपूरला मॅच आहे.

रिलायन्स कपातली, म्हणजे विश्वचषकातली, भारत-न्यूझीलंड. जिंकणं तर हवंच, पण गटात पहिलं यायचं तर वेगानं जिंकायला हवं. पहिला आला तर उपांत्य सामना मुंबईत, दुसरा आला तर पाकिस्तानात. गावात टीव्ही हाताच्या बोटांवर मोजावे इतके आणि त्यांना वीज हवी. तुमच्या सेटला विजेशी देणंघेणं नाही.

काटा डाव्या टोकाकडे, साठाच्या आकड्याच्या जरा अलीकडे न्या. ५८५ किलोहर्ट्झ, आकाशवाणी नागपूर. खरखर येतेय? अँटेना ओढून उपयोग नाही, ती शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्ह पकडते आतली काळी फेराइटची कांडी, आणि ती सेटमध्ये आडवी बसवलेली असते. म्हणून सेटची पाठ किंवा तोंड नागपूरकडे करा. आत्ता, तसंच. आवाज भरला ना? पोट्टे सेट नुसताच हलवत बसतात. तुम्हाला दिशा ठाऊक आहे. उगवतीकडे दीडशे किलोमीटरवर मैदान आहे, आणि मैदानावरचा गलका आधी खरखरीतून आणि मग स्वच्छ तुमच्या कानात येतोय. कॉमेंट्री थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी. इंग्रजी लागली की वेचणाऱ्या बाया विचारतात, "काय म्हनते थो?" आणि तुम्ही स्कोअर ओरडून सांगता.

रेडिओचं या गावाशी नातं जुनं आहे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून सुधा नरवणे बातम्या देतात तेव्हा गोठ्यात धारा सुरू असतात. बुधवारी रात्री अमीन सयानींची गीतमाला शॉर्टवेव्हवर लाटांसारखी जवळ येते, लांब जाते. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला, ३१ ऑक्टोबरला, इंदिराबाई गेल्याचं बीबीसीनं दुपारीच सांगून टाकलं होतं. आकाशवाणीवर ते कळायला संध्याकाळ झाली. तेव्हापासून बाबा मोठी बातमी दोन ठिकाणी ऐकल्याशिवाय मान हलवत नाहीत. पण रेडिओचा आवाज आला तसा जातो. ऐकलं ते ऐकलं, चुकलं ते चुकलं. टू-इन-वननं ही गोष्ट उलटी केली. त्याच्या बटणांच्या रांगेत एक बटण आहे ज्यावर लाल ठिपका आहे. ते आणि प्लेचं बटण एकदम दाबलं की रेडिओवरचं, नाहीतर समोर बसलेल्या माणसाचं, पट्टीवर उतरतं.

या लाल ठिपक्याचं मोल वऱ्हाडाला सांगायला नको. इथून फार लांब नाही ते वलगाव. तिथे पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी प्राण सोडला. त्याआधी दीड महिना, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी कीर्तन केलं आणि ते यंत्रावर टिपलं गेलं. गाडगेबाबांनी पुस्तकं लिहिली नाहीत. जन्मभर बोलले. ते प्रश्न कसा टाकत, उत्तराला लोकांना किती वेळ देत, कुठे आवाज चढवत, हे आज कळतं ते कुणीतरी यंत्र चालू केलं म्हणून. तेव्हा असं यंत्र म्हणजे मोठ्या शहरातली अपूर्वाईची गोष्ट. १९६३ मध्ये फिलिप्सच्या लू ऑटन्स यांच्या चमूनं कॅसेट आणली. आकार ठरवताना ऑटन्स खिशात मावणारा लाकडी ठोकळा घेऊन हिंडत असत. त्या ठोकळ्यामुळे पंचवीस वर्षांच्या आत खारपाणपट्ट्यातल्या एका धुऱ्यावर, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पीक सगळं पावसाच्या भरवशावर, ते यंत्र तुमच्या मांडीवर आलं. मला तर वाटतं, ट्रॅक्टर आणि मोटरपंपाच्या बरोबरीनं या वस्तूचं नाव घ्यायला हवं.

यंत्रात आत्ता जी कॅसेट आहे ती कोजागिरीची. भुलाबाईच्या शेवटच्या रात्री ताई आणि तिच्या मैत्रिणींनी अंगणात गाणी म्हटली, खिरापत ओळखायला लावली, आणि मग सगळ्यांनी आग्रह केल्यावर आजीनं तिच्या लहानपणची, कुणालाच न येणारी दोन गाणी म्हटली. त्या रात्री सेल उतरलेले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावायला हवी, ती हळू धावली. आता नव्या सेलवर लावली की गाणी झरझर पळतात, आवाज बारीक होतात. ताई लहान पोरीसारखी ऐकू येते. आजी तर तिशीतली वाटते. आजी स्वतः ऐकते तेव्हा काही बोलत नाही, पण पुन्हा लाव म्हणून खूण करते.

ताईचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. ही कॅसेट ती सोबत नेणार आहे. दर आठवड्याला तीच टेपचं डोकं साफ करते: ओटीतल्या कापसाची सरकी काढायची, रुई काडीला गुंडाळायची, दवाखान्यातून आणलेल्या स्पिरिटात बुडवायची आणि हेडवरची तपकिरी भुकटी टिपून घ्यायची. पट्टी अडकली तर चाकात पेन्सिल घालून फिरवायचं कामही तिचंच.

बाराच्या पुढे ऊन तापतं. पोट्टे आजूबाजूच्या वावरांतून येऊन बाभळीखाली जमले आहेत. गोलंदाज चेतन शर्मा. त्याचं नाव निघालं की कुणीतरी शारजा काढतोच. दीड वर्षापूर्वी मियाँदादनं याच्याच शेवटच्या चेंडूवर षटकार मारला होता आणि गावात त्या रात्री कुणी धड जेवलं नव्हतं. न्यूझीलंडचं बेचाळिसावं षटक. चौथ्या चेंडूवर रदरफोर्डचा त्रिफळा. बाभळीखाली एकच उडी. पाचव्या चेंडूवर स्मिथचाही त्रिफळा.

"अबे रेकार्ड कर ना बे! हॅट्ट्रिक होऊन रायली!"

तुम्ही लाल ठिपक्याचं बटण दाबता. ते खाली जात नाही. पुन्हा दाबता. आत काहीतरी आडवं येतंय. कॅसेट उचकटून पाहता तर मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी चकती तोडलेली आहे, दोन्ही बाजूंची. विळ्याच्या टोकानं, नीट, काठ न फाटू देता. चकती नसली की यंत्रातली बारीक दांडी त्या खाचेत रिकामी पडते आणि बटण अडकतं. मग त्या कॅसेटवर कुणी काही चढवू शकत नाही.

"खाचेत कागद कोंब! लवकर!" एकानं विडीच्या कट्ट्याचा कागद फाडलासुद्धा. उपाय खरा आहे, सगळ्या पोट्ट्यांना ठाऊक आहे. खाच बुजली की यंत्र फसतं. पट्टीच्या वाटेत आधी पुसणारं हेड लागतं आणि मग लिहिणारं. बटण दबलं की आधी आजी पुसली जाईल आणि तिच्या जागी नागपूर येईल.

ताई वावरातून धावत आलेली तुम्हाला दिसलीच नाही. ओटी तशीच भरलेली. तिनं तुमच्या हातातून कॅसेट काढून घेतली.

"हात तं लावून पाह्य. तुह्या चेतन शर्माले उद्या पेपरवाले छापतीन. आजीले कोन छापते?"

कुणाकडे उत्तर नाही, आणि तेवढा वेळही नाही, कारण सेट तसाच चालू आहे. चेतन शर्मा धावत येतो. चॅटफिल्डचा त्रिफळा. तिघंही बोल्ड, विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक, आणि ती उगवतीकडे दीडशे किलोमीटरवर. कॉमेंट्री करणाऱ्याचा आवाज गर्दीत बुडून जातो, कागद फाडणारा पोरगा कागद हवेत उडवतो, आणि ताईही, कॅसेट पदरात धरून, ओरडतेय.

न्यूझीलंड ९ बाद २२१. दुपारी कापूस मोजायला काटा टांगला जातो, बाया गाठोडी सोडतात, बाबा वजन वहीत मांडतात. सेट काट्याच्या खांबाला अडकवलेला. गावसकर अंगात ताप घेऊन खेळायला आलाय म्हणतात. चॅटफिल्डच्या एका षटकात षटकार, षटकार, चौकार, चौकार. वहीतला आकडा चुकतो आणि बाबांना तेच गाठोडं पुन्हा काट्याला लावावं लागतं, एक बाई म्हणते, "वजन करा ना बाप्पा, मॅच काय पळून जाते?" पळूनच चालली आहे खरं तर. श्रीकांत ७५ वर जातो, पण गावसकर थांबत नाही. ८५ चेंडूंत शतक. शंभराहून जास्त एकदिवसीय सामने खेळलेल्या माणसाचं पहिलं, आणि तुम्हाला आत्ता माहीत नाही पण शेवटचंही. ३२.१ षटकांत सामना संपतो, एकच गडी बाद. उपांत्य सामना मुंबईत, ५ नोव्हेंबरला, इंग्लंडशी.

संध्याकाळी बैलगाडी गावाकडे वळते. कापसाच्या ढिगावर तुम्ही, ताई आणि मध्ये टू-इन-वन. आवाज आता जड यायला लागलाय. दिवसभर चालून नवे सेलही दमले. बाबा कासरा धरून पुढे बसलेले, मागे न वळता बोलतात.

"उद्या अमरावतीले जाशीन तं चार सेल आन. गुरुवारी लागतीन." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "आन् एक कोरी कॅसेटबी आनजो. त्यात मॅच भर."

"दोन आनजो," ताई म्हणते. "आजीले आनखी चार गाने येते. मले काल सांगतलन."