सागरी कयाक मोहिमांना किनाऱ्यावरून हवामानाची साथ

सागरी कयाक म्हणजे एका किंवा दोघांनी दुहेरी वल्ह्याने हाकायची लांब, अरुंद नाव. सामान भरलेल्या अशा नावेचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरांच्या पुढे सहसा जात नाही आणि समोरून वारा सुटला की तोही बराच घटतो. म्हणूनच लांब पल्ल्याच्या मोहिमेत दिवस कधी सुरू करायचा, कुठे संपवायचा आणि मुळात निघायचे की नाही, हे सारे हवामानाच्या अंदाजावर ठरते. तो अंदाज नावेत बसून वाचणे मात्र जिकिरीचे. दोन्ही हात वल्ह्यावर, फोन जलरोधक पिशवीत आणि पडद्यावर खारे पाणी. हे काम किनाऱ्यावरच्या साथीदाराकडे सोपवले जाते ते याच कारणाने.

मुंबईचे कयाकपटू कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे अंतर कयाकने पार केले. पुढे २०१६-१७ मध्ये ते गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत वल्हवत गेले. त्या मोहिमेत शांजली शाही किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून त्यांच्या बरोबरीने चालल्या होत्या. त्याआधी सुमारे आठ दशके ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण घडीच्या कयाकमधून याच किनाऱ्याने गेला होता. १९३२ मध्ये जर्मनीतील उल्म येथून निघालेला स्पेक १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. चालत्या कयाकपर्यंत अंदाज पोहोचवण्याचे साधनच त्या काळी नव्हते.

बेळगाव-निपाणी भागाला समुद्र नाही, पण तो दूरही नाही. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की पणजी आणि निपाणीकडून संकेश्वर-आजरामार्गे आंबोली उतरली की सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण. मालवण ते कारवार ही दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीची सागरी वाट या भागातील मंडळींना सर्वांत सोयीची. ती तीन राज्यांतून जाते. तेरेखोलच्या मुखाशी महाराष्ट्र संपून गोवा लागतो आणि काणकोणच्या पुढे कर्नाटक. वल्हेकऱ्याला सीमा जाणवत नाही. किनाऱ्यावरच्या साथीदाराला ती जाणवते. हवामान खात्याचे जिल्हावार इशारे सिंधुदुर्गासाठी मुंबईहून, गोव्यासाठी पणजीहून आणि कारवारसाठी बंगळूरहून निघतात. एकाच दिवसाच्या टप्प्यासाठी दोन कार्यालयांची पत्रके जुळवून पाहण्याची वेळ येते. लाटांच्या अंदाजासाठी हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा आधार घेतात. लाटांची उंची, दिशा, आवर्तकाळ, वारा आणि प्रवाह यांचे अंदाज हे केंद्र विनामूल्य देते.

घाटमाथ्यावरून काम करणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत होते ती खिडकीतून दिसणाऱ्या आभाळामुळे. बेळगावात ऊन आणि झुळूक असताना मालवणला समुद्र खवळलेला असू शकतो, कारण किनाऱ्यावर फुटणारी प्रत्येक लाट तिथल्या वाऱ्याने उठवलेली नसते. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. केरळात अशा अवचित येणाऱ्या उधाणाला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात. त्याचे इशारे ‘इन्कॉइस’ वेगळे देते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात अरबस्तानाकडील ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या लाटाही वायव्येकडून गोव्यापर्यंत येतात.

त्यामुळे लाटेची नुसती उंची विचारून भागत नाही. एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते, हा तिचा आवर्तकाळ. एक मीटरची लाट पाच सेकंदांच्या अंतराने आली तर नाव हिंदकळते, वल्हेकरी भिजतो आणि थकतो. तेवढीच लाट पंधरा सेकंदांची असेल तर खोल पाण्यात ती जाणवतही नाही. पण पुळणीवर उतरताना ती उंच होऊन फुटते आणि नाव उलटवते. शिवाय अंदाजातील उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट निघू शकते.

वाऱ्याचे गणित कोकणातील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, उन्हे चढली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो ऐन भरात येतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो बहुधा वायव्येचा असतो. उत्तरेकडे जाणाऱ्याने उजाडताच निघून दुपारपूर्वी किनारा गाठावा, असे जुने जाणते सांगतात ते यासाठीच. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तोच वारा पाठीशी मिळतो.

भरती-ओहोटीकडे मात्र नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. मुंबईत उधाणाला पाणी सुमारे पाच मीटर चढते. गोव्यात दोनेक मीटरच. पण धोका चढउतारापेक्षा नद्यांच्या मुखांशी अधिक. तेरेखोल, शापोरा, मांडवी, काळी यांच्या मुखांतून ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडते आणि समोरून येणारी लाट त्यावर उभी राहते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा उंचवटा आहे; त्यामुळे पावसाळ्यात तो मार्ग जहाजांनाही बंद ठेवावा लागतो. खानापूरच्या रानात उगम पावलेली म्हादई समुद्राला मिळते ती इथेच. साथीदाराच्या वहीत ओहोटीची वेळ आणि नाव मुखाशी पोहोचण्याची वेळ शेजारी-शेजारी लिहिलेली असावी.

एवढे सारे वाचून झाल्यावर पाठवायचा संदेश मात्र दोन ओळींचा. वारा कोणत्या दिशेचा व किती, केव्हा वाढणार. लाट किती मीटर, किती सेकंदांची. ओहोटी केव्हा लागणार. वाटेत आसऱ्याची जागा कोणती. आणि शेवटी स्पष्ट शब्दांत: जावे, थांबावे की अर्ध्यावर उतरावे. अंदाजाचे नकाशे वल्हेकऱ्याच्या फोनवर लोटून देणे म्हणजे साथ नव्हे. आदल्या संध्याकाळी एक आणि पहाटे निघण्यापूर्वी एक असे दोन संदेश ठरलेल्या वेळी जावेत. ‘थांबा’ हा निर्णय किनाऱ्यावरून आला तर तो मोडायचा नाही, हे मोहिमेपूर्वीच ठरलेले बरे. कारण समोर निळा, शांत समुद्र दिसत असताना ते ऐकणे जड जाते.

संदेश निघणे आणि पोहोचणे यांतील अंतर ‘ओखी’ चक्रीवादळाने २०१७ च्या अखेरीस दाखवून दिले. आधीच खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचवायला मार्ग नव्हता, कारण मोबाइलची पोच किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपर्यंतच. केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी नौका भरकटत येऊन देवगड बंदरात आसऱ्याला थांबल्या होत्या. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारे देणारे ‘जेमिनी’ हे यंत्र मच्छीमारांसाठी आणले गेले. उलट मे २०२१ मधील ‘तौक्ते’च्या वेळी इशारे आधीच निघालेले होते, तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा तराफा समुद्रातच राहिला, १७ मे रोजी बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली.

कयाक किनाऱ्यापासून फारशी दूर जात नसल्याने मोबाइल बहुतेक ठिकाणी लागतो. उंच कड्यांच्या आड तो तुटतो. परदेशी पुस्तके उपग्रह फोन किंवा उपग्रह-संदेशयंत्र नेण्याचा सल्ला देतात, पण भारतात परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा ठरतो. म्हणून पोहोचण्याची वेळ आणि तीनंतर किती वेळ वाट पाहायची, हे आधी ठरवतात. ती वेळ टळली की साथीदाराने अंदाज बांधत बसू नये. तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. शेवटचे ठिकाण, नावेचा रंग, माणसांची संख्या आणि त्या वेळचा वारा एवढे हाताशी ठेवून फोन करावा. निघण्यापूर्वी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात मार्ग कळवलेला असल्यास शोध लवकर सुरू होतो.

मोहिमांचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा कयाकनेही पाण्यापासून दूर राहावे. नाव उचलून ठेवण्याचे हे दिवस घाटमाथ्यावरच्या साथीदाराला मागच्या मोसमाची वही उघडून, कुठल्या दिवशीचा अंदाज किती चुकला हे ताडून पाहायला पुरतात.