क्ष-किरणांची छबी आणि वाचनाची रांग

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात पत्नीच्या हाताची छबी घेताना त्यांना नळी कित्येक मिनिटे चालू ठेवावी लागली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, सर्जन-मेजर बीव्हर यांनी हेच तंत्र जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी वापरले. त्या काळची अडचण भौतिकीची होती. नळीतील वायूचा दाब बदलला की किरणांची भेदकता बदले, त्यामुळे एकसारख्या दोन छबी मिळणे दैवाधीन असे. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी तप्त टंगस्टन तंतूची निर्वात नळी घडवली आणि विद्युतप्रवाह व विभवांतर स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागले. पुढे छातीची छबी सेकंदाच्या अंशात निघू लागली.

रुग्णाचा खोळंबा मात्र तसाच राहिला. तो केवळ शेजारच्या अंधाऱ्या खोलीत सरकला. विकासक द्रावण, स्थिरीकरण, धुणे, वाळवणे या साऱ्यांत तासभर सहज जाई. घाईच्या वेळी डॉक्टर ओली फिल्मच प्रकाशपेटीपुढे धरत. तातडीच्या वाचनाला इंग्रजीत आजही ‘वेट रीड’ म्हणतात, ते यावरूनच. १९५६ मध्ये कोडॅकच्या रोलरयुक्त स्वयंचलित यंत्राने हे काम सुमारे सहा मिनिटांवर आणले, १९६५ मध्ये ९० सेकंदांवर. विभागाच्या कार्यक्षमतेत एवढी मोठी उडी क्वचितच पडली असेल, आणि ती किरणांशी संबंधित नव्हती.

यानंतर शोधाशोधीचा प्रश्न आला. पाश्चात्त्य रुग्णालये फिल्म स्वतःकडे ठेवत आणि त्या गहाळ होत. शिवाय प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व उत्पादक यांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली, १९८५ मध्ये पहिले मानक निघाले आणि १९९३ मध्ये त्यातून ‘डायकॉम’ साकारले. त्याच्या कार्यसूचीच्या सोयीमुळे नोंदणीखिडकीवर लिहिलेले नाव थेट यंत्रावर येते. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण तंत्रज्ञाने नाव पुन्हा टंकित करताना एक अक्षर चुकले, तर जुनी व नवी छबी दोन निराळ्या व्यक्तींची ठरते. भारतात बहुधा फिल्म रुग्णाच्याच हाती दिली जाई. दप्तरखाना म्हणजे कपाटावरचा मोठा लिफाफा! तो घरी राहिला, तर तुलना करायला काहीच नसे.

सर्वांत चिवट अडथळा वाचनाचा. १९४० च्या दशकातच अमेरिकेतील अभ्यासांनी दाखवले होते, की छातीची एकच फिल्म वाचताना तज्ज्ञांचे परस्परांशी एकमत होत नाही, इतकेच नव्हे, तर त्याच तज्ज्ञाचे काही काळानंतर स्वतःशीही होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९५५-५८ च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात छातीच्या लघुछबींचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. छबी काढण्याचा वेग वाढवता आला, वाचणारे डोळे मात्र तेवढेच राहिले. कोणत्याही साखळीत सर्वांत संथ टप्प्याआधीचा वेग वाढवला, की त्या टप्प्यापुढचा ढीग तेवढा वाढतो. कार्यक्षमतेच्या नावाखाली केवळ यंत्रे खरेदी करणाऱ्यांना हा साधा हिशेब नेहमीच उमगतो असे नाही.

डिजिटल छबीमुळे वाचक दूर बसू शकला. २००२ मध्ये बंगळुरूत अर्जुन कल्याणपूर व सुनीता माहेश्वरी यांनी टेलिरेडिओलॉजी सोल्यूशन्स ही संस्था स्थापली. अमेरिकेत रात्र असताना तिथल्या तातडीच्या छबी इथे दिवसा वाचल्या जाऊ लागल्या. तज्ज्ञांची चणचण असलेल्या देशाने आधी समृद्ध देशाची रात्र सांभाळावी, यातला विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही. मात्र पुढे त्याच मार्गाने भारतातील दूरच्या रुग्णालयांनाही अहवाल मिळू लागले.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या चाळणीसाठी, १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीची छबी मानवी वाचकाऐवजी संगणक प्रणालीने वाचण्यास मान्यता दिली. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयमुक्त भारत मोहिमेत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे गावोगावी नेण्यात आली. संगणक छबी निवडतो, निदान करत नाही. संशयित रुग्णाची थुंकी त्यानंतर रेणवीय चाचणीसाठी पाठवावी लागते, आणि छबी व अहवाल यांच्यातला वेळ आता त्या नमुन्याच्या प्रवासावरही अवलंबून असतो.