उमेदवारीचें शिक्षण

भंडारा या नांवाचा उगम 'भाणा' म्हणजे पितळी ताट या शब्दांत आहे, असें लोक सांगतात. ही व्युत्पत्ति पंडितांस मान्य होवो वा न होवो, पितळेच्या भांड्यांसाठीं या गांवाची ख्याति मोठी आहे. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींनीं महाविद्यालयाची वाट धरावी कीं एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करावी, हा प्रश्न आज घरोघरीं विचारला जातो. त्याचा विचार करतांना या जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडेल.

कासाराच्या घरीं मुलगा लहानपणींच भट्टीजवळ बसे. तापलेल्या पत्र्याचा रंग ओळखणें, ठोकून त्यास खोली देणें, सांध्याला डाख लावणें आणि शेवटीं हातोडीच्या बारीक ठोक्यांनीं भांडें मठारणें, या पायऱ्या चढण्यांत वर्षें जात. मोहाडी, आंधळगांव या बाजूस कोशाचें कापड विणणाऱ्या कोष्ट्यांच्या घरीं मुलें प्रथम कांड्या भरीत, मग मागावर बसत. या शाळेस शुल्क नव्हतें, पदवीहि नव्हती. तयार वस्तु हीच परीक्षा आणि गिऱ्हाईक हाच परीक्षक. परंतु तिचा दरवाजा जन्मानें उघडे. जो त्या घरीं जन्मला नाहीं त्यास तें कसब क्वचितच मिळे. आणि जो जन्मला त्यास दुसरें कांहीं निवडण्याची मोकळीक क्वचितच असे.

घराबाहेरची उमेदवारी निराळी होती. 'उमेद' म्हणजे आशा. पुढें जागा मिळेल या आशेवर कचेरींत बिनपगारी लिहिणारा तरुण तो उमेदवार. १८५० सालीं सरकारनें उमेदवारीचा पहिला कायदा केला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास जास्तींत जास्त सात वर्षें धंदा शिकण्यासाठीं करारानें बांधून देतां येई. त्या कायद्याचा रोख विशेषतः अनाथ व दरिद्री मुलांकडे होता. म्हणजे कसब हें निराधाराचें, आणि पुस्तक हें सुस्थिताचें! १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें व पदवीची वाट भंडाऱ्याच्या जवळ आली. ही विभागणी मात्र मिटली नाहीं. ती मिटवावी, अक्षर आणि हात एकत्र यावे, याच हेतूनें ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि गांधीजींनीं उद्योगाच्या द्वारें शिक्षणाची योजना मांडली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आला. त्यानें चौदा वर्षांची किमान वयोमर्यादा घातली, लेखी करार, विद्यावेतन व परीक्षा हीं ठरविलीं. १९७३ च्या दुरुस्तीनें पदवीधर व पदविकाधारकांसहि त्यांत घेतलें. कोणत्याहि जातीच्या मुलास कसब शिकविण्याची ही वाट होती. १९६४ मध्यें जवाहरनगरची आयुधनिर्माणी उभी राहिली आणि कासाराच्या भट्टीच्या जिल्ह्यांत मोठ्या कारखान्याचें यंत्र आलें.

या कायद्याचें एक अंग ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. उमेदवार हा कामगार नव्हे, विद्यार्थी आहे, असें तो म्हणतो. परंतु कारखान्यांतील आरोग्य व सुरक्षिततेचे नियम कामगाराप्रमाणेंच त्यास लागू करतो आणि इजा झाल्यास भरपाईचा हक्कहि देतो. या तरतुदी केवळ कागदी शोभेच्या नव्हेत. २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या त्याच आयुधनिर्माणींत स्फोट होऊन किमान आठ माणसें प्राणांस मुकलीं. जेथें हातानें शिकावयाचें तेथें चुकीची किंमत गुणपत्रिकेंतून वजा होत नाहीं, हें सारा जिल्हा त्या दिवशीं समजला.

म्हणून पदवी थोर कीं उमेदवारी थोर, हा वादच निष्फळ होय. कासाराच्या घरीं शिकविणारा जवळ बसलेला असे, पण दार बंद होतें. नव्या कायद्यानें दार उघडलें. आंत गेल्यावर जवळ बसून शिकविणारा कोणी आहे कीं नाहीं, हें मात्र कायदा एकटा पाहूं शकत नाहीं. तें आईबापांनीं विचारावें. शिकविणार कोण? किती काळ? अखेरीस हातीं प्रमाणपत्र कोणतें? जिवाची काळजी कोण घेणार? आणि पुढें वाटल्यास पुस्तकाकडे परततां येईल ना? यांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर मुलास निःशंक पाठवावें. न मिळालीं, तर ती जुन्या कचेरींतलीच उमेदवारी. तिच्यांत नुसती आशा असते, शिक्षण नसतें.